नॅनो जोडला, दिवा लागला, पण पोर्ट दिसेना

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि हिरवी-पांढरी जोडी माहितीची. आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम चढवून चालवायचा छोटा बोर्ड, या केबलने संगणकाला जोडला की त्याच्यावरचा दिवा लागतो तो पहिल्या दोघींच्या जिवावर. त्यामुळे "दिवा तर लागलाय, मग आर्डुइनो आयडीईत पोर्ट का येत नाही?" असं कुणी विचारलं (आयडीई म्हणजे प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर, पोर्ट म्हणजे त्यात दिसणारं बोर्डाशी बोलायचं दार) की मी म्हणतो, दिव्याने अर्ध्याच केबलची साक्ष दिली आहे. उरलेली अर्धी केबल आणि तिच्या पुढची सगळी वाट अजून तपासायची आहे.

मी इथे मुख्यतः आर्डुइनो नॅनोचा स्वस्त क्लोन धरून चाललोय. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसतं "नॅनो द्या" म्हटलं की हातात पडतो तो बहुधा हाच. वरच्या बाजूला एटीमेगा३२८पी ही मुख्य चिप, आणि बोर्ड उलटा केला की पाठीवर सीएच३४० नावाची छोटी चिप. मूळ नॅनोत या दुसऱ्या जागी एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आरएल होती. एटीमेगा३२८पीला यूएसबी येतच नाही. तिला फक्त साधी सिरियल भाषा कळते, आणि पाठीवरची चिप हे मधल्या दुभाष्याचं काम करते.

हे दोन चिपांचं गणित डोक्यात पक्कं बसलं की निम्मी शोधाशोध वाचते. पोर्ट दिसत नसेल तर दोष दुभाष्यापर्यंतच्या वाटेत आहे आणि तुमच्या स्केचचा, म्हणजे बोर्डावर चढवलेल्या प्रोग्रॅमचा, त्याच्याशी काही संबंध नाही. पोर्ट दिसतोय पण अपलोड होत नाही, तर दुभाषा जिवंत आहे, गाडी त्याच्या पुढे अडली आहे. पहिल्या प्रकारात स्केच बदलत बसणारे आणि दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर (संगणकाला चिपशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम) पुन्हा पुन्हा टाकणारे, दोघेही मी पाहिलेत. दोन्ही उद्योग मी स्वतःही केलेत.

आणखी एक सवय लावून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदा मी वैतागून केबल बदलली, दुसरा पोर्ट घेतला आणि ड्रायव्हरही नव्याने टाकला. बोर्ड चालू झाला, मी खूश होऊन जुनी केबल परत खणात टाकली. आठवड्याने तीच केबल हाताला लागली आणि तीच संध्याकाळ पुन्हा वाया गेली. आता संशयित केबलला लगेच कागदी टेप गुंडाळतो आणि तिच्यावर पेनाने फुली मारतो.

आधी बोर्ड मोकळा करा

नॅनो ब्रेडबोर्डवरून उपटून घ्या. सर्व्हो, रिले, डिस्प्ले, ब्लूटूथ मोड्यूल, काही जोडलेलं ठेवू नका. खाली लाकूड किंवा पुठ्ठा असू द्या. टेबलावर कापलेल्या वायरींचे तुकडे आणि सोल्डरचे थेंब पडलेले असतात, त्यावर बोर्ड ठेवला तर नवाच आजार जडायचा.

केबल लावा आणि मल्टिमीटरने ५व्ही आणि ग्राउंड या पिनांमधला दाब मोजा. यूएसबीवर चालणाऱ्या नॅनोत इथे पूर्ण पाच व्होल्ट मिळत नाहीत. यूएसबीचे पाच व्होल्ट आणि बोर्डाची पाच व्होल्टची रेषा यांच्यामध्ये एक शॉटकी डायोड असतो, तो थोडे खातो. ४.५ ते ४.७ च्या आसपास आकडा आला तर ठीक आहे. चारच्या खाली असेल किंवा शून्य असेल तर माहितीच्या तारांचा विचार पुढे ढकला. ऊनो या नॅनोच्या मोठ्या भावंडावर शॉर्ट झालं तर ५०० मिलिअँपिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज मध्ये पडतो. नॅनोवर तो नसतो, मग बऱ्याचदा हा डायोडच बळी जातो. त्याच्या एका बाजूला पाच व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं दिसलं तर डायोड बदलायचा. मात्र आधी शॉर्ट कुठे होता ते शोधा, नाहीतर नवा डायोडही त्याच वाटेने जाईल.

टाइप-सी सॉकेटच्या नव्या क्लोनमध्ये एक वेगळीच गंमत असते. जुन्या ए-टू-सी केबलने बोर्ड चालतो, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने दिवासुद्धा लागत नाही. कारण सी सॉकेटच्या दोन सीसी पिनांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असावा लागतो. "मी पाहुणा आहे, मला वीज दे" हे बोर्ड त्यातूनच सांगतो. बनवणाऱ्याने ते दोन रेझिस्टर वाचवले की समोरचा लॅपटॉप वीजच सोडत नाही. बोर्ड फेकायची गरज नाही, ए-टू-सी केबल घ्या आणि पुढे चला.

लॅपटॉपने "यूएसबी पोर्टवर जास्त करंट" अशा अर्थाचा इशारा देऊन पोर्ट बंद केला असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, मिनिटभर थांबा, मग चालू करा. तोवर त्या पोर्टवर केलेल्या कुठल्याही चाचणीवर विश्वास ठेवू नका.

संगणक काय पुटपुटतो ते ऐका

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि तो डोळ्यांसमोर ठेवूनच केबल लावा, काढा, पुन्हा लावा. यादी जरा हलली का? "टुडुंग" असा आवाज आला का? एवढी एकच गोष्ट आधी पाहायची. यादी ढिम्म राहिली तर संगणकाला काही जोडलंय हेच कळलेलं नाही. "अननोन यूएसबी डिव्हाइस" आणि कोड ४३ दिसला तर कळलंय, पण ओळख विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही. पिवळं चिन्ह आणि कोड २८ असेल तर ओळख पटली आहे, फक्त ड्रायव्हर नाही. ही तीन उत्तरं तीन वेगळ्या दुरुस्त्यांकडे नेतात. म्हणून "विंडोज एरर देतंय" एवढ्यावर न थांबता कोडचा आकडा वाचा.

लिनक्सवाल्यांचं नशीब जास्त चांगलं, कारण तिथे यंत्र सविस्तर बोलतं. टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा डब्ल्यू पर्यायासह, सुडो लावून चालवा आणि ती चालू असतानाच केबल लावा. ओळी सरसर येतील. त्या कशा वाचायच्या हे कळायला जोडणीच्या पहिल्या क्षणात काय घडतं ते थोडं पाहू.

सीएच३४० जागी झाली की ती डी-प्लस तारेला (माहितीच्या जोडीतली हिरवी) १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टकडे ओढते. संगणकाच्या बाजूने दोन्ही माहितीच्या तारांना १५ किलोओहमचे रेझिस्टर खाली ओढत असतात. त्यांच्यावर मात करून डी-प्लस वर गेली की संगणकाला कळतं, कुणीतरी आलंय, आणि आलेला सेकंदाला १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडने बोलणारा आहे. डी-मायनस (पांढरी) वर गेली तर तो लो-स्पीडवाला. अजून एक शब्दही बोलला गेलेला नसतो, फक्त दारावर टकटक झालेली असते. त्यानंतर संगणक रिसेट देतो, ओळखपत्र मागतो, पत्ता नेमून देतो.

आता लॉग वाचा. काहीच ओळ आली नाही तर टकटकच झाली नाही, म्हणजे डी-प्लस तार तुटलेली आहे किंवा चिप जागीच झालेली नाही. "न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस" ही ओळ आली आणि तिच्यामागे "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१" आली तर टकटक पोचली, पण बोलणं विस्कटलं. डी-प्लस आणि ग्राउंड या दोन तारा बऱ्या आहेत, संशय डी-मायनसवर, चिपच्या क्रिस्टलवर किंवा खराब संपर्कावर. एरर -११० आली तर समोरून वेळेत उत्तरच आलं नाही. आणि तुम्ही स्वतः केबल कापून जोडली असेल आणि फुल-स्पीडच्या जागी "न्यू लो-स्पीड" दिसत असेल, तर हसू नका पण हिरवी आणि पांढरी अदलाबदल झाली आहे.

केबल: मल्टिमीटरची एक युक्ती

नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, गळ्यातले पंखे यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबली अशा असतात. मायक्रो किंवा सी केबल असेल तर तिने फोन संगणकाला जोडून फाइल्स दिसतात का ते पाहायचं, झालं. पण बहुतेक नॅनोला मिनी-बी सॉकेट असतं आणि तसला फोन आता कुणाच्या घरात सापडणार?

मग ही युक्ती करा. बोर्ड संगणकापासून पूर्ण सोडवा, पण केबलचं दुसरं टोक बोर्डातच राहू द्या. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर आणा. लाल प्रोब बोर्डाच्या ग्राउंड पिनवर ठेवा. आता केबलच्या मोकळ्या ए टोकात डोकावून पाहा, चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन माहितीच्या, त्यामुळे टोक सुलटं की उलटं याची चिंता नको. काळ्या प्रोबचं टोक मधल्या दोन पट्ट्यांवर आलटूनपालटून टेकवा. दोन्हीवर साधारण ०.५ ते ०.८ च्या दरम्यान, एकमेकांच्या जवळपासचा आकडा यायला हवा. हा आकडा चिपच्या आतल्या संरक्षक डायोडचा आहे. म्हणजे प्रोबच्या टोकापासून केबल, सॉकेट, सोल्डर, बोर्डावरची तांब्याची रेघ आणि चिपचा पाय, सगळी वाट एका फटक्यात तपासून झाली.

दोन्हीकडे ओएल, म्हणजे उघडं दाखवत असेल तर केबल चार्जिंगचीच आहे असं समजा आणि दुसरी लावून बघा. एकीकडे आकडा आणि एकीकडे ओएल असेल तर एक तार किंवा सॉकेटचा एक पाय सुटलाय. शून्याच्या जवळ असेल तर ती रेषा ग्राउंडला शॉर्ट आहे. आकडा धरून ठेवून दुसऱ्या हाताने केबल टोकाशी वाकवा. आकडा लुकलुकला तर दोषी सापडला. मी केबली विकत घेतल्या की आधी हा खेळ करतो, मगच त्यांना खणात जागा मिळते.

हब आणि एक्स्टेन्शन या टप्प्यावर मध्ये ठेवू नका. हब नेहमी वाईट असतो असं नाही, पण आत्ता आपल्याला साक्षीदार कमी हवेत. डेस्कटॉप असेल तर समोरच्या पॅनेलचं सॉकेट सोडून मागचं, थेट मदरबोर्डावरचं वापरा.

दाबलं की चालतो

एका डिप्लोमाच्या मुलाचा नॅनो माझ्याकडे आला होता. केबल उत्तम, मल्टिमीटरची चाचणी पास, तरी लॉगमध्ये -७१ ची रांग. मुलगा म्हणाला, "काका, हातात धरला की कधी कधी चालतो." हे वाक्य सोन्यासारखं असतं. बोर्ड नेमका कुठे धरतोस ते दाखव म्हटलं, तर त्याचा अंगठा प्रत्येक वेळी पाठीवरच्या चंदेरी डबीवर येत होता.

ती डबी म्हणजे सीएच३४०जीचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. यूएसबीला वेळ अचूक पाळावी लागते आणि सीएच३४०जीला ती वेळ या क्रिस्टलवरून कळते. त्याचा एक पाय सोल्डरमधून केसाएवढा सुटला होता. दाबला की चिकटायचा, सोडला की सुटायचा. भिंगाखाली पायाभोवती बारीक गोल चीर दिसली. थोडा फ्लक्स लावला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन सेकंद टेकवलं, काम झालं. बोर्ड घसरून जमिनीवर पडला असेल किंवा ब्रेडबोर्डमध्ये जोर लावून खुपसला असेल तर ही जागा आवर्जून पाहा. सीएच३४०सी या भावंडात हा घड्याळाचा भाग चिपच्या आतच असतो, बाहेर डबी नसते. तेव्हा तुमच्या चिपवर शेवटचं अक्षर कोणतं आहे ते वाचल्याशिवाय "माझ्या बोर्डावर क्रिस्टलच नाही" म्हणून घाबरू नका.

सॉकेटचे पायही असेच तपासा. मिनी-बी सॉकेटचे चार जाड खूर बोर्डाला धरून ठेवतात आणि माहितीचे पाय मात्र नाजूक असतात. खूर हलत असतील तर नुसते बारीक पाय पुन्हा सोल्डर करून उपयोग नाही. आधी खूर घट्ट करा, नाहीतर पुढच्या ओढीला पाय पुन्हा तुटतील.

ओळख पटली, पण पोर्ट नाही

ओळख पटली म्हणजे संगणकाला दोन आकडे मिळाले, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. लिनक्सवर एल-एस-यू-एस-बी ही आज्ञा ते दाखवते. विंडोजवर त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडीज. सीएच३४० असेल तर १ए८६:७५२३. दुसऱ्या दुभाष्या चिपांपैकी सीपी२१०२ साठी १०सी४:ईए६०, एफटी२३२आरसाठी ०४०३:६००१, अस्सल ऊनो आर३ साठी २३४१:००४३. रास्पबेरी पाय पिकोचा पहिला आकडा २ई८ए, आणि एस्प्रेसिफच्या स्वतःची यूएसबी असलेल्या चिपांचा ३०३ए. ड्रायव्हर या आकड्यावरून शोधायचा, दुकानदाराने सांगितलेल्या नावावरून नव्हे. "एफटीडीआयवाला आहे" म्हणून घेतलेला बोर्ड १ए८६ सांगत असेल तर बोर्डाचं ऐका.

ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सीएच३४० साठी ती कंपनी म्हणजे चीनमधल्या नानजिंगची डब्ल्यूसीएच. आणि "काल चालत होता, आज विंडोज अपडेटनंतर बंद" अशी तक्रार असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधला "रोल बॅक ड्रायव्हर" आधी दाबून बघा. नकली चिपांशी नवे ड्रायव्हर वेगळं वागू शकतात, याला इतिहास आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा वस्तू क्रमांक शून्य करून टाकला होता आणि असंख्य लोकांचे चालते बोर्ड एका अपडेटमध्ये मुके झाले. मोठा गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. प्रॉलिफिकच्या पीएल२३०३ या जुन्या चिपवर तर नवा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्येच लिहून दाखवतो, की ही आवृत्ती २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी बोला. आता बोला!

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० वापरणाऱ्यांना एक खास खड्डा आहे. लॉगमध्ये "सीएच३४१ कन्व्हर्टर नाउ अटॅच्ड टू टीटीवायूएसबी०" असं येतं, आनंद होतो, आणि पुढच्याच क्षणी "डिस्कनेक्टेड". दोन ओळींच्या मध्ये बी-आर-एल-टी-टी-वाय हे नाव दिसेल. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पडद्यांसाठीचा हा प्रोग्रॅम आहे. काही ब्रेल पडद्यांतही हीच चिप, हाच आकडा असतो, म्हणून तो तुमच्या नॅनोला ब्रेल पडदा समजून ताब्यात घेतो. त्या संगणकावर कुणी ब्रेल पडदा वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर पॅकेजला हात लावू नका, त्याच्या यूडेव्ह नियमांच्या फाइलमधली १ए८६:७५२३ ची तेवढी ओळ निष्क्रिय करा.

पोर्ट दिसतोय पण "परमिशन डिनाइड" येतंय, तर डेबियन-उबुंटूवर तुमचं नाव डायलआउट गटात घाला, आर्चवर त्या गटाचं नाव यूयूसीपी. त्यानंतर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही आणि लोक इथेच फसतात. दरवेळी सुडोने आयडीई चालवणं हा उपाय नव्हे. "पोर्ट बिझी" असेल तर दुसऱ्या खिडकीत उघडा राहिलेला सिरियल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी चौकट) शोधा. थ्री-डी प्रिंटरचं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही बंद करा, ते पोर्ट हुंगत फिरतं.

पोर्ट आहे, अपलोड नाही

आयडीई "नॉट इन सिंक" म्हणत दहा वेळा प्रयत्न करतं आणि हरतं. इथे सगळ्यात आधी टूल्स मेन्यूतला प्रोसेसर बदलून "ओल्ड बूटलोडर" निवडा. बूटलोडर म्हणजे नवं स्केच आत घेणारा, चिपमधला छोटा प्रोग्रॅम. २०१८ च्या जानेवारीपासून अस्सल नॅनो नव्या बूटलोडरसह येतो, तो ११५२०० च्या वेगाने बोलतो. क्लोनवाल्यांपैकी अनेकांनी जुनाच चालू ठेवला, त्याचा वेग ५७६००. दोघे वेगवेगळ्या वेगाने बोलले तर दोघांनाही काही कळत नाही. माझ्याकडे आलेल्या "अपलोड होत नाही"वाल्या नॅनोंपैकी कितीतरी या एका क्लिकवर बरे होऊन गेले.

तरी जमेना, तर दुभाष्याची एकट्याची परीक्षा घ्या. नॅनोची आरएसटी पिन जंपरने ग्राउंडला जोडा, म्हणजे एटीमेगा झोपून राहील आणि मध्ये तोंड घालणार नाही. दुसऱ्या जंपरने टीएक्स१ आणि आरएक्स० या पिना एकमेकींना जोडा. सिरियल मॉनिटर उघडा, "अ" नको, इंग्रजी साधं अक्षर टाइप करा, पाठवा. तेच अक्षर परत आलं पाहिजे. आता टीएक्स-आरएक्सचा जंपर काढा आणि पुन्हा पाठवा. या वेळी काहीही यायला नको. दोन्ही निकाल बरोबर आले तर संगणक, ड्रायव्हर, केबल, सीएच३४० आणि त्या दोन रेषा यांना निर्दोष सोडा. जंपर काढल्यावरही अक्षर परत येत असेल तर कुठेतरी दोन पिना सोल्डरने चिकटल्या आहेत. कधीच येत नसेल तर दुभाष्याच्या सिरियल बाजूला खोट आहे.

परीक्षा पास झाली आणि अपलोड अडलंच, तर रिसेटकडे वळा. अपलोड सुरू होताना डीटीआर नावाचा इशारा ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एटीमेगाला हलकेच रिसेट करतो, त्यामुळे ती बूटलोडरमध्ये जाते. त्या क्षणी बोर्डावरचा "एल" दिवा लुकलुकायला हवा. लुकलुकत नसेल तर ते काम हाताने करा. अपलोड दाबा, आयडीईत "अपलोडिंग" दिसताच रिसेटचं बटण दाबून सोडा. दोन-चार प्रयत्नांत वेळ साधते. हाताने जमतं आणि आपोआप जमत नाही, तर तो कपॅसिटर किंवा त्याचं सोल्डर बघा. हाताने रिसेट करूनही "एल" निपचित असेल तर बूटलोडरच पुसला गेल्याची शक्यता मोठी.

पिन ० आणि १ वर एचसी-०५ ब्लूटूथ जोडून अपलोड करू पाहणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्या दोन पिना दुभाष्याच्या आहेत. अपलोडपुरतं मोड्यूल काढा.

आणि पोर्ट, अपलोड सगळं ठीक, फक्त मॉनिटरवर चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह? स्केचमधला आणि मॉनिटरमधला बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, जुळवा. एवढंच.

मोटर सुरू झाली की तुटतं

घरच्या टाकीत पाणी चढवायला नॅनो आणि रिलेने पंप चालवायचा, हा प्रोजेक्ट करून न पाहिलेला हौशी माणूस विरळा. आणि रिले "टक" वाजला की सिरियल मॉनिटर मरतो, हीही त्यातली नेहमीची तक्रार. लिनक्सच्या लॉगमध्ये अशा वेळी "डिसेबल्ड बाय हब" आणि कंसात प्रश्नचिन्हासह "ईएमआय" असं येतं. विद्युतचुंबकीय खडखडाटाची शंका खुद्द कर्नलच बोलून दाखवतो.

पंपाची वायर रिलेच्या संपर्कात उघडते तेव्हा ठिणगी पडते आणि तिचा झटका जवळच्या यूएसबी केबलमध्ये शिरतो. २३० व्होल्टच्या वायरीला समांतर धावणारी लांब यूएसबी केबल हा सर्वांत मोठा गुन्हेगार. केबल छोटी घ्या, मेनच्या वायरीपासून दूर न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. रिले मोड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असेल तर तो काढून रिलेच्या कॉइलला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्या, आणि त्या पुरवठ्याचा ग्राउंड नॅनोच्या ग्राउंडला जोडू नका. जोडलात तर ऑप्टोकपलरने (प्रकाशातून इशारा पोचवणाऱ्या भागाने) मिळवलेलं वेगळेपण हातानेच घालवलंत. रिलेच्या संपर्कांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची स्नबर जोडी लावली की ठिणगीचा जोर बराच ओसरतो. हा कपॅसिटर मेनवर चालणारा, एक्स२ छापाचाच हवा. मेनचं काम वीज बंद करून, आणि सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

बाकीच्या बोर्डांबद्दल थोडं

एस्प्रेसिफच्या ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपेच्या डेव्हकिटवरही दोन चिपा असतात, त्यामुळे वरचं जवळपास सगळं लागू. फरक एवढाच की "कनेक्टिंग" पुढे ठिपके येत राहिले तर बूट बटण दाबून धरायचं आणि लिहिणं सुरू झालं की सोडायचं. दरवेळी हा व्यायाम नको असेल तर ईएन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक ईएनकडे.

पिको आणि प्रो मायक्रो यांच्यात दुभाषा नसतो, मुख्य चिपच यूएसबी बोलते. म्हणून तिथे चुकीचं स्केच पोर्टच गायब करू शकतं आणि नॅनोसाठी सांगितलेला "स्केचचा संबंध नाही" हा नियम उलटतो. पिकोवर बूटसेल दाबून धरून केबल लावा. आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह उघडला तर केबल आणि चिप ठणठणीत आहेत, दोष तुमच्या प्रोग्रॅमचा. प्रो मायक्रोवर रिसेट पटकन दोनदा द्या, साधारण आठ सेकंद बूटलोडरचा पोर्ट जिवंत राहतो, तेवढ्यात अपलोड उरकायचं.

दुभाषाच मेला असेल तर

सीएच३४० खरोखर गेली, पण एटीमेगा चांगली आहे, असा नॅनो टाकून देऊ नका. चिप हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर मात्र पुढचं काही करण्याआधी ती काढून टाका. एरवी बाहेरचं पाच व्होल्टचं यूएसबी-सिरियल मोड्यूल घ्या, डीटीआर पिन बाहेर काढलेलं. मोड्यूलचा टीएक्स नॅनोच्या आरएक्स० ला, आरएक्स टीएक्स१ ला, पाच व्होल्ट ५व्हीला, ग्राउंड ग्राउंडला. डीटीआर मात्र थेट नाही, ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आरएसटीला. नॅनोचं स्वतःचं यूएसबी सॉकेट रिकामं ठेवा. आयडीईत पोर्ट म्हणून मोड्यूलचा पोर्ट निवडा, बोर्ड म्हणून नॅनोच.

मोड्यूलही नसेल आणि ऊनो असेल, तर ऊनोवर "आर्डुइनोआयएसपी" हे उदाहरण-स्केच चढवा. त्यानंतर ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रिसेटकडे. ऊनोच्या ११, १२, १३ पिना नॅनोच्या त्याच आकड्यांच्या पिनांना, १० ही नॅनोच्या आरएसटीला, शिवाय पाच व्होल्ट आणि ग्राउंड. प्रोग्रॅमर "आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी" निवडून "अपलोड युझिंग प्रोग्रॅमर" दाबा. यात बूटलोडर पुसला जातो, पण ज्या नॅनोला यूएसबीच उरली नाही त्याला बूटलोडर घेऊन करायचंय काय? माझ्या गॅलरीतल्या झाडांना पाणी घालणारा नॅनो असाच आहे. त्याच्या यूएसबी सॉकेटवर मी टेप लावून फुली मारून ठेवली आहे.